होय म्हणजे काय

"हा पांढरा ओला वाटतोय," उदयन सबनीस म्हणाला.

टेबलावर प्लास्टिकच्या पांढऱ्या चकत्या ओळीनं मांडल्या होत्या. मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तशाच दिसत असणार याबद्दल मला आजही शंका नाही. पण मार्केटिंगवाल्यांनी लगेच माना डोलावल्या. ओलाच आहे म्हणाले. एकानं तर तो खिडकीजवळ नेला आणि उजेडात धरून "दमट" असा निकाल दिला.

"मला कोरडा पांढरा हवाय," उदयन म्हणाला. "उन्हात वाळलेल्या धोतरासारखा."

त्यानं स्वतः आयुष्यात कधी धोतर वाळत घातलं असेल असं मला वाटत नाही. तो अमेरिकेतून परत आला होता, प्रभात रोडवरच्या वडिलांच्या बंगल्यात त्यानं कंपनी काढली होती आणि सगळ्यांनी आपल्याला अरे-तुरे करावं असा त्याचा आग्रह होता. आम्ही त्याला अरे म्हणायचो आणि तो म्हणेल ते ऐकायचो. त्याच्या मते हीच लोकशाही.

कंपनी 'सुबोध' नावाचा कॉम्प्युटर बनवणार होती. सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सगळं मराठीत. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही वापरता यावा, घरात असावा, त्याची भीती वाटू नये. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. त्या कल्पनेपायीच मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून तिथं गेले होते. पडद्यावरची मराठी, माहितीपुस्तक आणि जाहिरातींचा मजकूर, असं सगळं लिहिणं माझ्याकडे होतं. निदान नेमणूक होताना तसं सांगितलं होतं.

यंत्राच्या रंगाचा निकाल लागेपर्यंत थांबून मी माझा कागद पुढे केला.

"उदयन, हे बघ. केरसुणीवर क्लिक केलं की काय येतं ते."

केरसुणी हे त्याचं लाडकं चित्र होतं. पडद्याच्या वरच्या कडेला, 'साठवा'च्या अगदी शेजारी. एका चित्रकाराकडून त्यानं तिची एकेक काडी पुन्हा पुन्हा काढून घेतली होती. ती दिसायची सुरेख. तिच्यावर क्लिक केलं की उघडी असलेली फाइल पुसली जायची. त्याआधी एक प्रश्न यायचा: 'ही फाइल काढून टाकण्याची क्रिया रद्द करावयाची आहे काय?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'रद्द'.

"यात चूक काय आहे?" उदयननं विचारलं.

"फाइल वाचवायची असेल तर काय दाबायचं?"

"अर्थातच..." म्हणत त्यानं कागदाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तुझं काय म्हणणं आहे?"

"'ही फाइल कायमची पुसायची का?' आणि खाली 'पुसा' आणि 'राहू द्या'."

त्यानं थोडा वेळ खरोखरच विचार केला. "'राहू द्या' लांब होतं, विभावरी. बटणं सारख्या रुंदीची हवीत. 'होय' आणि 'रद्द' कसे जोडीनं उभे आहेत बघ."

"पण त्यांचा अर्थ लागत नाही."

"वाचतं कोण? लोक वाचत नाहीत. लोक बघतात."

आमचा इंजिनियर मुनीर अत्तार माझ्या शेजारी बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "निदान पुसलेलं परत आणायला केराची टोपली तरी ठेवू या."

टोपली आधी होती. उदयननं ती काढायला लावली होती, कारण आपल्या पडद्यावर कचरा दिसणं त्याला सहन होत नव्हतं. फ्लॉपीची खाचही त्यानं काढून टाकली होती. समोरून कॉम्प्युटरला तोंड फुटल्यासारखं दिसतं, म्हणाला. थोडक्यात, या यंत्रात लिहिलेलं बाहेर काढून जपायला जागा नव्हती आणि आत पुसलेलं परत मिळायची सोय नव्हती. मात्र यंत्राचं झाकण उघडताना हलकासा उसासा टाकल्यासारखा आवाज यायचा. त्या उसाशावर दोन माणसं महिनोन्महिने काम करत होती.

जाहिरातीसाठी त्याला नट नको होते. "खरी माणसं हवीत. सुरकुत्या हव्यात." मग मला माझ्या मिरजेच्या शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या.

इंदुमती कागवाडकर बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एकट्या राहायच्या. मिरजेच्या आसपासच्या गावांत मराठी आणि कानडी इतकी एकमेकींत मिसळलेली आहे, की कुठली कुठं संपते ते सांगता येत नाही. तिथल्या बायकांच्या बोलण्यातले, पुस्तकात कुठं न सापडणारे शब्द बाई गोळा करत होत्या. भिंतीपलीकडच्या गंगव्वा रोज दुपारी त्यांच्याकडे येऊन बसायच्या. गंगव्वा मूळच्या कर्नाटकातल्या, अथणीकडच्या. त्या बोलायच्या, बाई टिपून घ्यायच्या.

कंपनीनं बाईंना यंत्र भेट दिलं आणि जाहिरातीत यायला त्या तयार असल्याची सही घेतली. यंत्र बसवायला गेलेल्या मार्केटिंगच्या माणसानं त्यांना आमचं घोषवाक्य ऐकवलं: 'आता कागद विसरा.' बाई आयुष्यभर शिक्षिका. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारी जात. त्यांनी कागद खरोखरच विसरले. गंगव्वा सांगतील तसं थेट यंत्रावर लिहू लागल्या. शब्द, त्याचा अर्थ, तो कुणी कधी कसा वापरला, त्यामागची हकिगत. मला फोन करून म्हणाल्या, "अगं, हात दुखत नाही याचं केवढं सुख आहे!"

शूटिंग ठरेपर्यंत चार-पाच महिने गेले. मधल्या काळात गंगव्वा वारल्या.

आम्ही मिरजेला पोहोचलो तेव्हा बाईंनी सगळ्यांसाठी पोहे केले होते. कोणी खाल्ले नाहीत, कारण उजेड जात होता. दिग्दर्शकानं खोलीतली पुस्तकं हलवली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गंगव्वा बसायच्या ती खुर्ची बाहेर नेली. उदयन स्वतः आला होता. आपल्या यंत्राशेजारी कोणती साडी येते हे दुसऱ्या कोणावर सोडायची त्याची तयारी नव्हती.

"आजी, ही निळी नेसाल का?"

"मला नातवंडं नाहीत," बाई म्हणाल्या. "बाई म्हणा. आणि निळी इस्त्रीची नाही."

"आम्ही इस्त्री करून घेऊ, आजी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, पण करण्यासारखंही काही नव्हतं. त्या निळी नेसून आल्या.

पडद्यावर त्यांचं काम उघडं होतं. दाट, बारीक अक्षरांनी भरलेलं. दिग्दर्शकाला ते आवडलं नाही. "फार गिचमिड दिसतंय. मोकळं पान मिळेल का?"

"मी बंद करते," म्हणत बाई पुढे झाल्या.

"तुम्ही बसा, आजी. केस बिघडतील," उदयन म्हणाला आणि स्वतः यंत्राशी वाकला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्याचा हात थेट केरसुणीकडे जाताना मला दिसला. पान स्वच्छ करायचं म्हणजे केरसुणी, त्याच्या डोक्यात हे इतकं सुंदर बसलं होतं.

"उदयन, थांब!"

"काही नाही गं, विचारतंय ना ते आधी." पडद्यावर प्रश्न आला होता. तो त्यानं वाचला नाही. नुसता बघितला. माझ्या ओरडण्यामुळे असेल, त्याला वाटलं रद्द करावं. त्यानं 'रद्द' दाबलं.

पान मोकळं झालं. अगदी कोरडं, पांढरं.

"वा!" दिग्दर्शक म्हणाला.

मी धावत जाऊन यंत्रात शोधत बसले. बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं?"

उत्तर उदयननं दिलं. "याची दुसरी प्रत ठेवायला हवी होती तुम्ही. माहितीपुस्तकात लिहिलंय."

"प्रत कुठं ठेवायची असते?" बाईंनी विचारलं. आवाज वर्गात विचारतात तसा. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा.

तो थांबला. त्या यंत्रातून प्रत काढायला वाट कुठं ठेवली आहे हे तो आठवत असावा. मग म्हणाला, "आमचा इंजिनियर परत मिळवून देईल. ते सगळं होतं आजकाल. आपण आधी शॉट घेऊन टाकू या, उजेड छान आहे."

मला वाटलं, आता बाई आम्हाला हाकलून देतील. तसं झालं असतं तर मला आनंदच झाला असता. पण त्या यंत्रासमोर जाऊन बसल्या. पदर नीट केला, चष्मा पुसला, ताठ बसल्या.

मी लिहिलेला मजकूर दोन ओळींचा होता. 'मला वाटलं होतं, या वयात हे कसलं जमणार! पण सुबोधनं सगळं किती सोपं केलं.' कॅमेरा सुरू झाला. बाईंनी सरळ त्यात पाहिलं आणि शुद्धलेखन घालताना बोलायच्या तशा, एकेक अक्षर सुटं, स्पष्ट करत बोलू लागल्या.

"मी इंदुमती कागवाडकर. या यंत्रावर मी गंगव्वांचे शब्द लिहून ठेवले होते. ज्या माणसानं हे यंत्र बनवलं, त्यानं आत्ता ते पुसून टाकले. त्याला स्वतःलाच ते चालवता येत नाही. गंगव्वा गेल्या. आता त्यांचे शब्दही गेले. तुम्ही हे घेऊ नका."

आणि हसल्या. हसू एखाद्या ढ विद्यार्थ्याला निरोप देताना हसावं तसं होतं.

दिग्दर्शक कानाला हेडफोन लावून बसला होता, त्याचं तोंड उघडं राहिलं. उदयन कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यापाशी उभा होता. तिथं आवाज पोहोचत नव्हता असं नाही, खोली लहान होती. पण त्याचं लक्षच नव्हतं. तो निळ्याशेजारचा पांढरा पाहत होता.

"सुंदर!" तो म्हणाला. "बघितलंस, विभावरी? जराही ओला नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याला बाई काय बोलल्या ते शब्दन् शब्द सांगितलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. मला वाटलं, लागलं असेल कुठंतरी. मग तो म्हणाला, "म्हणूनच चेहरा इतका खरा आलाय. आवाज काय, आपण दुसऱ्या बाईचा टाकू. तू त्या ओठांवर बसेल असा मजकूर लिहून दे."

"मी लिहिणार नाही."

"का?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मला त्याचा राग येईनासा झाला तो तेव्हा. रागाला समोर कोणीतरी असावं लागतं.

मजकूर त्यानंच लिहिला. मी लगेच नोकरी सोडली नाही, कारण बाईंचं यंत्र आम्ही पुण्याला आणलं होतं आणि मुनीर त्यातून काही परत मिळतं का बघत होता. तो इतर काम सोडून त्याच्या मागे लागला होता. संध्याकाळी मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहायचे. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच एखादं सुटं वेलांटीचं चिन्ह.

जाहिरात टीव्हीवर लागली आणि लोकांना आवडली. किती सहज आहेत त्या आजी, म्हणाले. बाईंचे ओठ हलत होते आणि मुंबईतली कोणी मुलगी म्हाताऱ्या आवाजात म्हणत होती, 'अगंबाई, एवढं सोपं असतं होय!' मागे सतार वाजत होती. मिरज म्हणून सतार. तपशिलात आमची कंपनी कुठं कमी पडायची नाही.

मग एका सकाळी ऑफिसात हुद्दार नावाच्या एक बाई आल्या. कोल्हापुरात ऐकू न येणाऱ्या मुलींची शाळा आहे, तिथं शिकवतात म्हणाल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, प्रवासानं दमलेल्या. उदयन आणि मी दोघंही बसलो.

"तुमच्या जाहिरातीतल्या बाई कोण आहेत?" त्यांनी विचारलं. "आमच्या वसतिगृहातल्या मुली त्यांची जाहिरात लागली की धावत येतात. टीव्हीवर कोणी एवढं स्वच्छ बोलतच नाही. सगळे अर्ध्या तोंडानं बोलतात, नाहीतर पाठ फिरवतात. या बाईंचा शब्दन् शब्द ओठांवर दिसतो."

उदयन खूश झाला. "आमचा आग्रहच होता, खरा चेहरा हवा."

"हो. तर मुली विचारतायत, की गंगव्वांचे शब्द परत मिळाले का?"

उदयननं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी त्या बाईंना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

"पहिल्या दिवशी मला खरं वाटलं नाही," हुद्दार बाई म्हणाल्या. "मी मुलींना सुटं सुटं लिहायला सांगितलं. सगळ्यांनी तेच लिहिलं. मग मी आवाज बंद करून स्वतः पाहिलं."

उदयन सावरला. माणूस सावरण्यात पटाईत. "किती मुली आहेत तुमच्याकडे?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत, "म्हणजे बघा, असं ओठ वाचणारे राज्यात असून असून किती असणार? आमचा मूळ ग्राहक तो नाहीच."

"तेच विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. "शाळेला कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. मराठीतून चालणारा तुमचा एकच. आमच्या मुलींना बोलून सांगणारं कोणी नसतं, पडद्यावर जे लिहिलेलं असेल तेवढाच आधार. म्हणून म्हटलं, जाहिरातीतल्या बाई घेऊ नका म्हणत असल्या तरी एकदा स्वतः बघावं."

ग्राहक म्हणताच उदयनचा चेहरा उजळला. गंगव्वा, मुली, आत्ताच झालेलं बोलणं, सगळं त्यानं बाजूला सारलं आणि स्वतः उठून यंत्र लावलं. झाकणाचा उसासा झाला. त्यानं हुद्दार बाईंकडे अपेक्षेनं पाहिलं. त्यांना त्यात काही वाटलं नसावं. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी लिहिल्या आणि केरसुणीवर क्लिक केलं.

प्रश्न आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला.

"यात 'होय' म्हणजे काय?"

"सोपं आहे," उदयन पुढे वाकला. "होय म्हणजे... होय, काढून टाका." थांबला. "नाही. होय म्हणजे रद्द करा." पुन्हा थांबला. मी त्या वाक्यावरून त्याची नजर फिरताना पाहत होते, शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्या शब्दावर. बाजारात गेलेल्या त्याच्या प्रत्येक यंत्रात असलेलं ते वाक्य तो पहिल्यांदाच वाचत होता.

"आणि 'रद्द' म्हणजे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

उदयननं मान वळवून दाराकडे हाक मारली. "अत्तार! जरा ये. होय म्हणजे काय रे?"

मुनीर दारात आला. त्यानं पडदा पाहिला, हुद्दार बाईंना पाहिलं आणि मग मला म्हणाला, "विभावरी, तुलाच सांगायला येत होतो. मिरजेच्या यंत्रातून काही निघालं नाही. करता येईल ते सगळं करून झालं."

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. 'सुबोध' पुढे दीड-दोन वर्षं चालला आणि बंद पडला. त्या वाक्यामुळे नाही. बाहेरून आलेले कॉम्प्युटर स्वस्त झाले म्हणून. त्यामुळे उदयनला आपलं काही चुकलं असं वाटायचं कारण कधी उरलंच नाही. हल्ली तो व्यवस्थापनाच्या कॉलेजांत 'बारीकसारीक गोष्टींचं महत्त्व' या विषयावर व्याख्यानं देतो. ऐकणारे टिपणं काढतात म्हणे.

नोकरी सोडल्यावर मी आधी मिरजेला गेले. बाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. काही परत मिळालं नाही, हे मी उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली.

"आठवतात तेवढे लिहायला बसले होते," त्या म्हणाल्या. "शब्द आठवतात गं. पण गंगव्वा सांगायची तसे येत नाहीत."

मग मी त्यांना कोल्हापूरच्या मुलींचं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, त्यांना बरं वाटेल. त्या शेंगा सोलायच्या थांबल्या.

"त्यांनी विचारलं? परत मिळाले का म्हणून?"

"हो."

"मग कोणी काय सांगितलं त्यांना?"

कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

बाई उठल्या, सूप आत ठेवलं आणि पायात चपला घालून आल्या. "एसटी लागलेली असेल बघ स्टँडवर. प्रश्न मला विचारलाय त्या पोरींनी."

वसतिगृहाच्या जेवणघरात आम्ही गेलो तेव्हा मुलींनी बाईंना दारातच ओळखलं. सगळ्या उठून जवळ आल्या. हुद्दार बाईंनी हातांनी खुणा करून त्यांना बसवलं. बाई उजेडाच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या.

"नाही मिळाले," त्या म्हणाल्या.

मुलींचे चेहरे पडले. एक-दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी थोडं थांबून आणखी एक शब्द उच्चारला. अगदी हळू, ओठ मिटून उघडत. मुलींनी तो आपल्या ओठांवर करून पाहिला. एक चुणचुणीत मुलगी उठली, फळ्यापाशी गेली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पप्पू'.

ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात. बाई मोठ्यानं हसल्या. कितीतरी वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या हातातून खडू घेतला, 'पप्पू' शेजारी 'मब्बू' असं लिहिलं, आणि खाली, वळणदार अक्षरात: 'धड उजेड नाही, धड अंधार नाही, अशी वेळ. गंगव्वा म्हणायची.'

मुली तो शब्द फळ्यावरून उतरवून घेऊ लागल्या. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्या तळहातावर.